हळदीकुंकू लॅपटॉपला, खोका रद्दीत

डोळस माणसांना एक गोष्ट मला आजवर पटवून देता आलेली नाही. मला गोड आवाज नको आहे. गोड आवाज माझ्या नातेवाइकांकडे भरपूर आहेत, लग्नकार्यात ते मला पुरून उरतात. मला कामाचा आवाज हवा असतो.

तो माझ्याकडे वीसेक वर्षांपासून आहे. पोळ्यांच्या डब्याहून थोडा लहान असा एक जड खोका, पुढे स्पीकरची जाळी, बाजूला आवाज कमी-जास्त करायचं चाक आणि मागे नऊ पिनांचं सॉकेट. त्याला हार्डवेअर स्पीच सिंथेसायझर म्हणतात, पण एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार, म्हणून आमच्या घरी तो नुसता 'खोका'. मी अंध आहे. संगणकावर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो, तो पडद्यावरचा मजकूर उचलतो आणि खोका तो बोलून दाखवतो. आवाज सर्दी झालेल्या परदेशी पुरुषाचा. इंग्रजीखेरीज त्याला काही येत नाही. माझ्या एका अंध मित्राने स्क्रीन रीडरमध्ये अशी सोय करून दिली की देवनागरी अक्षर आलं की त्याने ते रोमन करून खोक्याच्या तोंडी द्यावं. त्यामुळे हा गृहस्थ गेली चार वर्षं सुरगाण्याच्या नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल, नाकातून बोलतो आहे. मी त्याला इतका भरधाव ठेवते की डोळस माणूस दोन क्षण ऐकतो आणि काळजीने म्हणतो, "ताई, मशीन बिघडलंय वाटतं."

मशीन बिघडलेलं नसतं. ऐकणाऱ्याला सवय नसते, पण हे तोंडावर सांगितलं की माणसं दुखावतात.

माझं काम ऐकून टाइप करण्याचं. आमची संस्था नाशिकात आहे. संस्थेची माणसं जीपने सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जातात आणि वनजमीन कसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब रेकॉर्ड करून आणतात. कुठलं शेत कुणाच्या आजाने पहिल्यांदा साफ केलं, हद्द कुठल्या झाडापासून कुठल्या नाल्यापर्यंत, असे ते जबाब असतात. मी ते उतरवते आणि मग ते वनहक्काच्या दाव्याच्या फायलीला लागतात. या कामाचा एक नियम साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, पहिल्याच दिवशी मला घालून दिला होता: एक शब्दही गाळायचा नाही. खोकला आला तर कंसात खोकला, हसले तर कंसात हशा. "आपण कोण ठरवणार काय महत्त्वाचं ते?" असं ते तेव्हा म्हणाले होते. चांगलं वाक्य होतं. मी ते जपून ठेवलं.

हे काम मिळण्याआधी मी त्याच संस्थेत स्वागतकक्षात बसत असे, म्हणजे फुलदाणीच्या शेजारी. आठ वर्षं बसले. फुलदाणीतलं पाणी निदान आठवड्याला बदलायचे. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून हळहळायचा, साहेब त्याला माझी गोष्ट सांगायचे आणि तो आत जाताना संस्थेबद्दल आदर घेऊन जायचा. तिथून उठून मी ऐकण्याच्या टेबलावर कशी आले, ते मोठं प्रकरण आहे. परत तिथे जायचं नाही, एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं.

ऐकण्याच्या टेबलावर माझे दोन कान दोन नोकऱ्या करतात. डाव्या कानात संगणकाचा इयरफोन, त्यात पाड्यावरची म्हातारी बोलते. उजव्या कानात खोक्याचा इयरफोन, त्यात मी टाइप केलेलं खोका वाचतो. दोघांचे रस्ते वेगळे, त्यामुळे कुणी कुणाला तुडवत नाही. म्हातारीने श्वास घेतला तरी मला कळतं आणि माझी वेलांटी चुकली तरी कळतं.

मग लॅपटॉप आला.

तो साहेबांनी सगळ्यांना बोलावून, टाळ्या वाजवून माझ्या हातात दिला. वजनाला पापडाइतका. मी त्याच्या कडेवरून बोटं फिरवली. दोन्ही बाजूंना चपट्या खाचा, आणि नऊ पिनांच्या सॉकेटचा पत्ताच नाही. "खोका कुठे लावायचा?" मी विचारलं. सगळे हसले. मी गमतीने प्रश्न विचारला असावा असं त्यांना वाटलं.

आमच्याकडे संगणक बघायला येणारा एक पन्नाशीचा माणूस आहे. त्याला सगळं येतं, आणि जे येत नाही ते जुनं झालेलं असतं. तो म्हणाला, "ताई, त्या डबड्याची गरजच नाय आता. याच्यात इनबिल्ट हाय आवाज. ऐका तरी." आणि त्याने तो आवाज सुरू केला. आहाहा. बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा, मधात बुडवून काढलेला. सगळं ऑफिस गप्प होऊन ऐकत राहिलं. "अगदी माणसासारखं बोलते हो!" कुणीतरी म्हणालं. जणू ऑफिसात माणसांचा तुटवडाच होता.

ही बाई माणसासारखी बोलते, हीच तर अडचण आहे. माणसासारखी श्वास घेते, माणसासारखा वेळ लावते, आणि वेग वाढवला की माणसासारखी तिची बोबडी वळते. थोडा वेळ गप्प बसली की लॅपटॉपचं साउंड कार्ड डुलकी काढतं आणि पुढच्या वाक्याची पहिली दोन अक्षरं गिळतं. पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती आणि पाड्यावरची म्हातारी, दोघींना एकाच तोंडातून बोलायचं. मी एक अक्षर टाइप केलं की बाई ते वाचणार, आणि बाई बोलताना म्हातारीचा आवाज आपोआप खाली दबणार. बाईंचा मान म्हणून. दहा मिनिटांच्या जबाबाला मी पूर्वी तासभर घ्यायची, तिथे माझी अख्खी सकाळ जायला लागली.

हे मी साहेबांना समजावून सांगितलं, तीनदा. ते म्हणाले, "ताई, बदल स्वीकारायला शिका." तीन प्रोग्रामचे पासवर्ड कागदावर लिहून काचेखाली ठेवणारा माणूस हे मला सांगत होता.

शेवटी बाबांनी मनावर घेतलं. बाबा ओझरला विमानांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी त्यांनी सोल्डरिंगच्या धुराने काळी ठेवली आहे. त्यांनी एमजी रोडवरून एक केबल आणली, एका टोकाला नऊ पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. पहिली नकली निघाली, लॅपटॉपने तिला ओळखच दिली नाही. ते दुसरी घेऊन आले. सगळं जोडलं आणि खोका बोलला. सर्दी तशीच होती. मला इतका आनंद झाला की मी बाबांचा हात धरून गॅलरीत उभ्या उभ्या रडले आणि बाबा म्हणाले, "अगं, चटका बसेल, सोल्डरिंग गन गरम आहे."

एक मेख होती. ही केबल लॅपटॉपच्या ज्या खाचेत लावू, त्या खाचेचा तिला वेगळा क्रमांक मिळायचा, आणि स्क्रीन रीडर खोक्याला फक्त एकाच क्रमांकावर शोधायचा. खाच बदलली की खोका हरवला आणि मधाची बाई हजर. म्हणून बाबांनी डाव्या बाजूच्या मागच्या खाचेशेजारी गोंदाचा एक कडक थेंब ठेवला. "इथेच," ते म्हणाले. "पोरी, दुसरीकडे कुठेही नाही."

खोका टेबलावर परतला, काम पूर्वीच्या चालीवर आलं आणि साहेबांचा चेहरा पडला. चेहरा मला दिसत नाही, पण पडलेला चेहरा आवाजात ऐकू येतो. एका मोठ्या कंपनीचे पाहुणे दसऱ्यानंतर संस्था बघायला यायचे होते. लॅपटॉप त्यांनीच दिलेला. आणि त्यांच्या लॅपटॉपशेजारी हा जुनाट डबा फोटोत कसा दिसणार? साहेबांनी तोडगा काढला. पाहुण्यांसमोर मी एक नवा जबाब, कुणाच्याही मदतीशिवाय, पंधरा मिनिटं टाइप करून दाखवायचा. जमलं तर खोका आणि टेबल दोन्ही माझं. नाही जमलं तर, "पुढे स्वागतकक्षात तुमची गरज आहेच, ताई."

फुलदाणीने मला हाक मारली होती. मी म्हटलं, चालेल.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्या ऑफिसात ती दणक्यात होते. ज्याने आपलं पोट चालतं त्या अवजारांची पूजा. प्रिंटरला हार, झेरॉक्सला हार, जीपच्या बॉनेटवर स्वस्तिक, स्टेपलरला कुंकवाचं बोट. त्या दिवशी बाबांना दवाखान्यात न्यायचं असल्यामुळे मी रजेवर होते. मागे माझ्या टेबलाचीही पूजा झाली, प्रेमाने झाली. लॅपटॉप पुसला, त्याला गंध-फूल वाहिलं, झेंडूचा हार घातला. हाराला जागा व्हावी म्हणून खोका केबलसकट उचलला आणि कपाटाच्या तळाशी रद्दीत नेऊन ठेवला. माझं पोट ज्याच्यावर चालतं ते अवजार ऑफिसात एकच होतं, आणि पूजेच्या वेळी अडचण होते म्हणून हलवलेलंही तेवढंच. झाडूला फूल मिळालं होतं, हे मला नंतर मुद्दाम सांगण्यात आलं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस पाहुण्यांचा होता. मी तासभर आधी पोचले. टेबलावर हात फिरवला. लॅपटॉप होता, सुकलेला झेंडू होता, कळांच्या फटींत पाकळ्या होत्या. खोका नव्हता. मी ज्याला त्याला विचारत सुटले. "इथेच असेल हो," सगळे म्हणाले. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तो रेडू व्हय? कपाटात हाय, खालच्या खणात. मी म्हनलं व्हतं, ताईचा हाय, राहू द्या. पन माझं कोन ऐकतंय." ऑफिसात खोक्याच्या मालकिणीचं नाव त्यांनाच तेवढं माहीत होतं.

मी खोका घेऊन आले तोवर संगणकवाला माझ्या लॅपटॉपपाशी हजर. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून त्याने भिंतीवरचा मोठा टीव्ही लॅपटॉपला जोडला होता आणि एक कॅमेराही बसवला होता. "द्या इकडं," म्हणत त्याने माझ्या हातातली केबल घेतली. "डावीकडं कॅमेरा लावलाय, ही उजवीकडं लावतो."

"उजवीकडे नाही चालणार. तिची जागा ठरलेली आहे," मी म्हणाले.

"ताई, सगळी भोकं सारखीच असत्यात," तो म्हणाला, आणि तेवढ्यात पाहुणे आलेच.

एक बाई आणि एक गृहस्थ होते. अत्तराचे दोन वेगळे वास, म्हणून दोन. साहेबांनी माझी गोष्ट सांगितली. स्वागतकक्षातली आठ वर्षं त्यात नव्हती. मग नेहमीप्रमाणे टेबलावर बैठकीचा छोटा रेकॉर्डर सुरू झाला, संस्थेच्या प्रत्येक बैठकीचा होतो, आणि मला सांगण्यात आलं, करा सुरुवात. मी दोन कानांत दोन इयरफोन घातले आणि जबाब सुरू केला.

दोन्ही कान रिकामे. आवाज आला तो भिंतीवरून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. सुरगाण्याची एक म्हातारी सांगत होती, "त्या उंबरापासून खाली, नाल्यापावेतो..." आणि मी पहिलं अक्षर टाइप करताच टीव्हीतून मधाची बाई गरजली, "त." म्हातारी दबली. "य," बाई म्हणाली. म्हातारी पुन्हा दबली. खोका उजव्या खाचेत हरवला होता आणि लॅपटॉपचा सगळा आवाज टीव्हीकडे गेला होता. म्हातारीचा उंबर, नाला, तिच्या सासऱ्याचं नाव, सगळं या बयेच्या अक्षरांखाली चिरडत चाललं होतं. मला वाटलं, चला, बरंच झालं. मी महिनाभर घसा कोरडा करून जे सांगत होते, ते आता सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं.

"वाव," पाहुण्या बाई म्हणाल्या. "कितना क्लिअर आवाज है!"

म्हातारी कुणालाच ऐकू आली नव्हती. ती दबते आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला संताप आला, अगदी मस्तकापर्यंत. मी उठले, डावीकडे हात घातला, गोंदाचा थेंब शोधला आणि त्याच्या शेजारची कॅमेऱ्याची वायर उपटली. मग टीव्हीची उपटली. "अहो ताई, अहो!" संगणकवाला ओरडला. खोक्याची केबल मी उजवीकडून काढली, थेंबाशेजारी बसवली आणि स्क्रीन रीडर पुन्हा सुरू केला. उजव्या कानात सर्दीवाला गृहस्थ खाकरला. डाव्या कानात म्हातारी परत आली, आणि मी तिला पहिल्यापासून सुरू केलं.

पुढची पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. खोलीत फक्त कळांचा आवाज. टीव्ही काळा, कॅमेरा बंद, ऐकायला काही नाही, बघायला काही नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या कुरकुरत होत्या. गृहस्थांनी एकदा हळूच विचारलंही, "चालू आहे ना?" माझ्या कानांत एक अख्खं शेत पसरलं होतं आणि ते खुर्चीत चुळबुळत होते. संपल्यावर मी छापील पानं साहेबांच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. हाताला झेंडूचा चिकटा लागला होता म्हणून मी धुवायला बाहेर गेले. परत आले तेव्हा चहा झाला होता आणि पाहुणे उठले होते. साहेब म्हणाले, "छान झालं, ताई. बाकीचं बघू."

बाकीचं काय बघायचं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बैठकीचं रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे टाइप करायला माझ्याकडेच आलं. डाव्या कानात मी माझ्याच कळांची पंधरा मिनिटं ऐकली, टाळ्या ऐकल्या, माझी खुर्ची सरकल्याचं आणि दार लोटल्याचं ऐकलं. आणि मग पाहुण्या बाईंचा आवाज. "पण सर, स्क्रीनवर तर काहीच दिसलं नाही. त्यांनी खरंच ऐकून लिहिलं, की आधी पाठ करून घेतलं होतं?"

साहेब हसले. मला वाटलं, आता खरं काय ते सांगतील. ते म्हणाले, "मॅडम, आता तुमच्यापासून काय लपवायचं. बिचाऱ्या आहेत, आम्ही सांभाळून घेतो. संस्थेला शोभा येते." मग सगळे हसले.

मी थांबले. इयरफोन काढला. पंख्याचा आवाज ऐकत बसले. चार वर्षांत किती म्हाताऱ्यांचे किती उंबर मी उतरवले, ते सगळे एका शब्दात शोभेला गेले होते. फार लागलं. मग इयरफोन परत घातला, कारण नियम माहीत होता. सगळं टाइप केलं. बिचाऱ्या. सांभाळून. शोभा. कंसात हशा. उजव्या कानात खोका ते एकेक करून वाचत गेला, नागली वाचतो त्याच सुरात. त्याच्या आवाजात माझी कीव नव्हती. त्या ऑफिसात माझ्याशी असं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पानं साहेबांच्या टेबलावर गेली आणि थोड्या वेळाने साहेब माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, ते शेवटचं गाळता आलं असतं."

"नियम तुमचाच आहे, साहेब."

"तसं म्हणायचं नव्हतं मला. एक बोलण्याची पद्धत असते हो."

"बसा ना," मी म्हणाले. मी उजव्या कानातला इयरफोन काढून पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "ऐकून बघा, नीट उतरलंय का."

त्यांनी तो घातला असावा. मी शेवटचं पान लावलं. ते म्हणाले, "काही कळत नाही हो, फारच फास्ट आहे."

वीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते मी केलं. साहेबांसाठी मी खोक्याचा वेग कमी केला. एकेक पायरी खाली आणत गेले, पार मुळाक्षरं शिकणाऱ्या पोराच्या चालीवर आणला. मग पान पुन्हा पहिल्यापासून लावलं. इयरफोन त्यांच्या कानात होता, तरी खोका कुठल्या शब्दावर आला असेल ते मला माहीत होतं. त्यांचा श्वास कुठे अडकला, तेही मला ऐकू आलं.

इयरफोन टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज आला.

"माझं टेबल कुठे हलवायचं?" मी विचारलं.

"राहू द्या," साहेब म्हणाले. त्यांच्या चपला केबिनपर्यंत गेल्या आणि दार लागलं.

मी वेग परत जागेवर आणला. सुरगाण्याची आणखी एक म्हातारी सकाळपासून डाव्या कानात खोळंबली होती, तिला सुरू केलं. साहेबांनी ऐकलेलं ते शेवटचं पान बैठकीच्या फायलीत लागलं आहे. काही गाळलेलं नाही, हशा कंसात आहे.